शेजारच्या चुका

पीएचडीचं शेवटचं वर्ष मी उज्जैनला घरीच काढत होते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि माझ्या कामाला कागद नि लॅपटॉप पुरेसे होते. विषय क्वांटम संगणकाच्या गणिताचा. या संगणकाचे क्यूबिट, म्हणजे माहिती साठवणारे घटक, फार नाजूक. जरा धक्का लागला की त्यांतली माहिती बिघडते. म्हणून ती अनेक क्यूबिटांत पसरून ठेवायची आणि बिघाड सतत दुरुस्त करत राहायचं. शेजारशेजारचे क्यूबिट एकदम बिघडले तरी आमची दुरुस्तीची रीत टिकते, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी आणि मी सिद्ध केलं होतं. एका संशोधनपत्रिकेनं तो लेख स्वीकारलाही होता.

एका दुपारी फ्रीगंजमधून आईची औषधं आणली आणि एका व्याख्यानासाठी सिद्धता पुन्हा लिहायला बसले. मधल्या एका पायरीवर हात थांबला. तिथे आम्ही बिघाडांच्या शक्यतांचा सरळ गुणाकार केला होता. पण बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच तो चालतो. आणि ते तसे नसतात, हाच तर आमचा मुद्दा! संध्याकाळपर्यंत दुसरी वाट शोधली. सापडली नाही.

पुण्याला सरांना फोन करून चूक सांगितली.

"परीक्षकांच्या लक्षात आलेलं नाही," ते म्हणाले. "निष्कर्ष बहुधा खराच आहे. तुझा प्रबंध होऊ दे, मग बघू."

"सर, बहुधा खरं म्हणजे सिद्ध नव्हे ना?"

"मला शिकवू नकोस." फोन बंद झाला.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, गलती आपणच पकडली, हे तर चांगलंच झालं!" मला रडूच आलं. सरांनी मला गणित वाचायला शिकवलं होतं, आणि आता त्यांचंच नाव खराब होणार होतं.

आठवडाभर धड जेवले नाही. मग संपादकांना पत्र लिहिलं आणि आधी सरांना पाठवलं. त्यांनी सही करून परत केलं. लेख मागे घेतला गेला.

प्रबंध लांबला, शिष्यवृत्ती संपली. सध्या टावर चौकाजवळच्या एका कोचिंगमध्ये शिकवते. बिघाड स्वतंत्र असतील तेवढ्यापुरतं प्रमेय प्रबंधात ठेवलंय. सर दुरुस्त्या ईमेलनं पाठवतात, फोन करत नाहीत. मूळ प्रश्न मात्र सुटलेला नाही. सकाळी आईला चालवून आणलं की मी त्याच पायरीशी बसते.