ऑप्शनला टाकलेली पानं

मिरजगावजवळच्या एका शाळेत मी तासिकेवर दहावीला विज्ञान शिकवते. स्वतः केडगावात इंग्लिश मीडियमला शिकले. तिथे उत्क्रांतीचं उत्तर पाठ करून लिहिलं, मार्क मिळाले. हे तुला खरं वाटतं का, असं कोणी विचारलं नाही. इथे तोच धडा शिकवताना एका मुलीने ते मलाच विचारलं. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "मग मॅडम, सगळ्यात आधीचं जे होतं, ते कुठून आलं?"

मला येत नव्हतं. वाचून येते म्हटलं. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी मी आवडीने वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आणखी दोन पालकांना घेऊन मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बसले होते. मला बोलावणं आलं.

"मॅडम, आमचं देवक पंचपल्लव हाय, पाच झाडांची पानं," वडील शांतपणे म्हणाले. "त्यात माकड कुठं न्हाई."

माणूस माकडापासून झाला असं पुस्तकात नाही, दोघांचे पूर्वज एक होते असं आहे, एवढं मी बोलले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"म्हंजे पावनंच झालं की माकड. पत्रिका धाडू आता लग्नाची."

सगळे हसले, सरही. थट्टा सोडली तर माणूस अगदी बरोबर बोलला होता. ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर चहा आला.

सरांनी विषय मिटवला. "आनुवंशिकता राहू द्या. बापाचं नाक पोरीला येतं, त्याला कोणाची हरकत नाही. पुढची उत्क्रांतीची पानं ऑप्शनला टाका. तेवढ्यानं कोणी नापास होत नाही."

बंदी आली असती तर कुठेतरी अर्ज तरी करता आला असता. ऑप्शनला टाकलेल्या पानांसाठी कोणाकडे जायचं?

"राग मानू नका, ताई," जाताना वडील म्हणाले. "नर्सिंगला घालायचीय तिला. डोक्यात भलतं नको."

वर्गात सांगितलं तर पोरं खूश झाली, पानांवर फुल्या मारायला लागली. तास संपल्यावर मी त्या मुलीला थांबवलं. तुझ्या प्रश्नाचं वाचलंय, म्हटलं, पूर्ण उत्तर अजून कोणालाच सापडलेलं नाही, पण—

"परीक्षेला नाही ना, मॅडम?"

"नाही."

"मग राहू द्या."

ती वडिलांना घाबरून बोलत असती, तर मला बरं वाटलं असतं. तसं नव्हतं. तिला खरंच घरी जायचं होतं.

त्यानंतर तिने काही विचारलेलं नाही. सांगितलेलं सगळं उतरवून घेते. चाचणीत वर्गात पहिली आली.