चौदा वर्षं आणि पाच मिनिटं

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तोंडी परीक्षेसाठी सरांनी चिठ्ठ्या उचलायला लावल्या. एका खेळाडूवर पाच मिनिटं बोलायचं होतं. माझ्या चिठ्ठीत इटलीची एक निवृत्त टेनिसपटू निघाली. दारव्ह्याच्या आमच्या कॉलेजात व्हॉलीबॉलची जाळी तेवढी होती. टेनिसची रॅकेट मी कधी हातात धरली नव्हती. पण भीती टेनिसची नव्हती. मागच्या सत्रात मी बोलायला उभी राहिले आणि दोन वाक्यांनंतर खाली बसले होते. या वेळीही बसले असते, तर पुन्हा कधी उठले नसते.

मोबाइलवर वाचून मी फक्त तिचे विजय उतरवून घेतले. तीन लहान स्पर्धा. मोठ्या स्पर्धांत ती बहुतेक पहिल्याच फेरीत हरायची. ते सगळं गाळलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे चांगलं तेवढंच सांगायचं असतं, असं मला वाटे.

आई अंगणात तूर पाखडत होती. तिला वाचून दाखवलं. एका मिनिटात संपलं.

"झालं?" आई म्हणाली. "किती वर्षं खेळली थे?"

"चौदा."

"मंग बाकीचे वर्षं काय करत होती?"

"हरत होती, माय."

"हरत होती त दरसाल जात काहून होती? थे सांग न."

मी तिला व्हिडिओ दाखवला. लाल मातीचं मैदान. ती आता पोरींना शिकवते. खेळ संपल्यावर एक जाळी ओढत स्वतःच माती सारखी करत होती.

"अवं, हे त वखर देऊन राह्यली!" आई हसली. "अन् बूट घालून!" त्या रात्री गाळलेली वर्षंही मी वाचून काढली.

परीक्षेत दोन वाक्यं झाली आणि पुढचं आठवेना. मागून कोणीतरी म्हणालं, "बस आता, बाई."

सरांनी विचारलं, "मोठी स्पर्धा कोणती जिंकली?"

"एकही नाही, सर. पण मैदान अजून वखरते."

वर्ग हसला. सर म्हणाले, "वखरते?"

"हो न. दुसऱ्या दिवशी खेळाचं असते."

मग घरच्याच भाषेत मी वर्षामागून वर्ष सांगत गेले: कोणत्या वर्षी कुठे हरली, कधी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर कुठून पुन्हा सुरुवात केली. हसणारे हसत होते, मी बोलत होते.

"वेळ संपली," सर म्हणाले.

"दोन वर्षं राह्यले, सर," मी म्हणाले, आणि उभीच राहिले.