मनुबाईंचा तिसरा फोटो

वडूजच्या एसटी स्टँडसमोर जोतिबा फोटोग्राफर कित्येक वर्षं बसले आहेत. बसलेत असंच म्हणायचं, कारण उभं राहायचं त्यांच्या अगदी जिवावर येतं. लग्नं, बारशी, परीक्षेच्या फॉर्मचे फोटो. लोकांना "हसा, हसा" म्हणून म्हणून त्यांचं स्वतःचं हसू संपलं असावं.

१९९९च्या उन्हाळ्यात आखातातल्या जावयानं त्यांना डिजिटल कॅमेरा आणून दिला. रोल नको, धुणं नको, फोटो लगेच मागच्या चिमुकल्या पडद्यावर. पण चार सेल दहा फोटोंत संपायचे. बटण दाबलं की कॅमेरा जरा विचार करायचा, आणि तोवर नवरदेवाची मान वळायची.

"जावयानं जीव घ्यायला दिलाय," जोतिबाकाका म्हणाले.

शेजारी माझा कॉम्प्युटर क्लास. त्यामुळं इंग्रजी पुस्तिका वाचायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे दहावीला इंग्रजीत छत्तीस मार्क पडलेल्या माणसाकडे. तीन दुपारी घालवून आम्ही एवढं काढलं: बटण आधी अर्धं दाबायचं, हिरवा दिवा लागला की पूर्ण. पडदा बंद करून वरच्या काचेतून बघितलं तर सेल जास्त टिकतात. आणि विजेचं चित्र येईपर्यंत फ्लॅशचं बटण दाबत राहिलं, तर फ्लॅश भर उन्हातसुद्धा पडतो.

शेवटच्यावर काका वैतागले. "उन्हात फ्लॅश? दुपारी कंदील घिऊन फिरल्यागत. ऱ्हाऊ दे गड्या."

त्याच आठवड्यात मानसिंग हवालदारांचा निरोप आला. पेन्शनच्या कागदावर बायकोचं, मनुबाईंचं नाव चढवायचं राहून गेलं होतं. त्यासाठी दोघांचा एकत्र फोटो लागत होता. काकांनी काढलेले दोन फोटो सातारच्या ऑफिसातून परत आले होते: 'पत्नीचा चेहरा स्पष्ट नाही.' हवालदारांचा दमा वाढत चालला होता. नाव चढायच्या आत त्यांचं काही झालं, तर मनुबाईंना ऑफिसांचे उंबरे झिजवावे लागणार होते.

एसटीनं आणि मग पायी, असे आम्ही त्यांच्या गावी पोचलो. घरात अंधार, म्हणून अंगणात खुर्च्या मांडल्या. मनुबाईंनी पदर कपाळाच्या वीतभर पुढं ओढला.

"मनुबाई, पदर थोडा मागं घ्या," काका म्हणाले.

"थोरलं भावजी हाईत की समोर."

थोरले भावजी बाजेवर बसून होते. "मी उठनार न्हाई. आंगान माझं हाय," ते म्हणाले.

"आन् फोटू सायबाच्या टेबलावर पडनार," मनुबाई पुढं म्हणाल्या. "परक्या मानसाम्होरं उगडं डोस्कं? लय झालं."

काकांनी अर्धं बटण दाबलं, हिरवा दिवा, मग पूर्ण. पडद्यावर हवालदार झकास आले होते. शेजारी पदर होता, आणि पदरात काळोख. पूर्वी ही गोष्ट काकांना दोन दिवसांनी, रोल धुतल्यावर कळायची. आज उभ्या उभ्या कळली.

ते बराच वेळ त्या काळोखाकडे बघत राहिले. मग त्यांनी फ्लॅशचं बटण दाबलं. एकदा, डोळ्याचं चित्र, ते नको. दुसऱ्यांदा, वीज.

फ्लॅश पडला. "आता दुपारचा कंदील व्हय रं?" थोरले भावजी हसले.

पदर जिथल्या तिथं होता. आणि त्याच्या सावलीत कपाळ, कुंकू, थकलेले डोळे, मिटलेले ओठ, सगळं स्वच्छ. मनुबाईंनी पडद्यात बघितलं. "मी एवढी म्हातारी झाले?"

"व्हय," हवालदार म्हणाले. "मला कवाच ठावं हाय."

परतताना काका एकच वाक्य बोलले. "तीस वर्सं किती बायांची तोंडं अंधारात ठिवली म्या."

मी थट्टा करणार होतो. त्याऐवजी त्यांची कॅमेऱ्याची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली.

प्रिंट माझ्या रंगीत प्रिंटरवर काढली. महिन्याभरानं कागद मंजूर होऊन आला, आणि हवालदारांनी आम्हाला चहाला बोलावलं. कागद त्यांनी दोनदा वाचला, घडी करून उशीखाली सारला.

"आता कवाबी गेलो तरी चालंल," ते म्हणाले.

"आदी च्या प्या, निवतोय," मनुबाई म्हणाल्या. "आन् ह्यास्नी उठवा."

जोतिबाकाका भिंतीला टेकून बसल्या जागी झोपले होते. कुणी उठवलं नाही.