काठीचं टोक

डावा हात पुढे करायचा, हे रायरांनीच शिकवलं होतं.

मी केला. ओळीत मी शेवटचा. कुंभकोणातलं कावेरीकाठचं मैदान, पूर नुकता ओसरलेला, पायाखाली गाळ. खाकी चड्डी, गळ्यात हिरवा रुमाल. शपथ मी न अडखळता म्हटली होती. रायर एकेकाचा डावा हात हातात घेत माझ्याकडे येत होते. माझ्यासमोर येऊन थांबले. माझा हात पुढेच होता. त्यांनी तो पाहिला. मग शेजारच्या गोपूच्या हातातली काठी घेतली आणि तिचं टोक माझ्यापुढे केलं.

"धर," म्हणाले.

मी धरलं. दुसऱ्या टोकाला धरून त्यांनी काठी एकदा वरखाली हलवली. झालं. मी स्काउट झालो.

कुणी हसलं नाही. हसले असते तर निदान मला तिथल्या तिथे कळलं असतं. मला वाटलं, शेवटच्या मुलाला काठी देत असतील. इंग्रजांची काही रीत असेल. मी ताठ उभा राहून सलाम ठोकला.

रायर म्हणजे गावातले नामांकित ब्राह्मण वकील. त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजवाड्यात कारकुनी करायचे. माझे पूर्वज त्याच राजवाड्यातल्या घोड्यांची खोगिरं शिवायचे. दोघंही मराठी. दोघांच्या घरात तीच जुनी, तमिळ मिसळलेली भाषा. राजाचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. त्यांची कारकुनी कोर्टात गेली आणि आमचं चामडं रस्त्यावर आलं. जोडे, पट्टे, ढोल मढवणं. मोची म्हटलं की झालं, पुढे कुणी काही विचारत नसे.

तुकडी चालवायला रायरांना कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या हौसेनं चालवत. दर शनिवारी कोर्टाचा काळा कोट उतरवून, खाकी चढवून मैदानावर हजर. मुलांना पट्टे हवे म्हणून ते माझ्या बापाकडे आले. आप्पांनी सगळ्या तुकडीचे पट्टे शिवले आणि हात जोडून एकच मागितलं. "सामी, माझ्या पोरास घ्यावें." मी इंग्रजी शाळेत होतो, आणि स्काउटांच्या नियमात जात नव्हती. रायर नाही म्हणू शकले नाहीत. तेव्हा त्या ओळीतल्या प्रत्येक कमरेला माझ्या बापाचं चामडं होतं. घरी गेल्यावर पोरं ते पट्टे ओसरीबाहेर खुंटीला टांगत आणि आंघोळ करत. ते मला गोपूनेच सांगितलं. गोपू रायरांचा भाचा. मनाने वाईट नव्हता.

डाव्या हाताचंही ऐका. अय्यरांच्या, रायरांच्या, म्हणजे सगळ्याच ब्राह्मणांच्या पोरांनी डावा हात द्यायचा म्हणजे घराघरांत गहजब झाला होता. गोपूची आजी तर मैदानावर येऊन ओरडली होती, "त्या हाताने काय करितात तें ठावें नाही का रे तुम्हांस?" रायर हटले नाहीत. घरोघर जाऊन आयांना समजावलं. डाव्या हातात लढवय्याची ढाल असते. ती खाली ठेवली तरच डावा हात देता येतो. म्हणजे, माझा तुझ्यावर भरवसा आहे. हे ते इतकं छान सांगत की माझ्या अंगावर काटा यायचा. एवढा सोवळ्याचा माणूस, त्याने डाव्या हाताचा विटाळ एका आठवड्यात मोडून काढला. माझ्यापाशी आल्यावर मात्र त्यांना काठी सापडली.

त्या दिवशी घरी पळत गेलो. आप्पा जोड्याचा तळवा कापत बसले होते.

"सगळ्यांस हात दिला. मज काठी दिली!" मी म्हणालो. अभिमानाने.

चामडं कापणारी रापी थांबली. आप्पांनी वर पाहिलं, मग परत चामड्याकडे.

"काठी कसली होती?"

"बांबूची."

"बरें," म्हणाले, आणि कापायला लागले.

वर्षभर हेच चाललं. शनिवारमागून शनिवार. गाठी बांधायच्या, खुणा ओळखायच्या, जखम बांधायची. एकेक परीक्षा पास झालो की रायर नाव पुकारायचे, मी पुढे जायचो, काठीचं टोक यायचं. प्रत्येक वेळी वाटायचं, आज देतील. मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण मी कळू देत नव्हतो. मला एकच हवं होतं. त्यांनी एकदा डावा हात द्यावा. बाकी सगळं मी चालवून घेत होतो.

रायरांची एक खुबी होती. बाजूला ठेवायचं तर ते त्याला मानाचं नाव द्यायचे. मार्गळी महिन्याच्या थंडीत तिरुवलंचुळीच्या आमराईत तुकडीचा तळ पडला. जेवायला केळीची पानं मांडली, पोरं ओळीने बसली. माझं पान पाण्याच्या पाटाच्या पलीकडे, बैलगाड्यांपाशी. "तू पहारेकरी," रायर म्हणाले. "पहारेकऱ्याने पंगतीत बसू नये. गाड्या कोण पाहील?" रात्री तंबूत सगळे, मी गाडीखाली. पहारेकरी. पाणी वाढणारा लांबून, उंचावरून ओतायचा, मी ओंजळ धरायचो. तेही म्हणे पहारेकऱ्याला आधी. पोरांना माझा हेवा वाटायचा की काय कोण जाणे. मला काय वाटायचं ते आज आठवून पाहतो तर हाताला काही लागत नाही.

एकदा गोपू पाट ओलांडून आला. पानात गूळ-तांदळाचा गोड पोंगल आणला होता. माझ्या हातात दिला नाही. दगडावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरला.

"मामा रागावतील," म्हणाला.

मी खाल्ला. गोड होता.

मग मासी महिना आला. मघा नक्षत्राच्या पर्वाला आमच्या गावच्या महामहम तलावात स्नानाला मुलूख लोटतो. पायरी दिसत नाही, नुसती डोकी. गर्दी आवरायला, पोरं चुकली तर शोधायला, कुणी घसरलं तर ओढून काढायला स्काउट. रायरांनी प्रत्येकाला पायरी नेमून दिली. बाकीच्यांना तमिळमध्ये सांगितलं, कुणी घसरलं तर हात द्या. मला बाजूला घेतलं. तुकडीत माझ्याशी कधी मराठी बोलले नव्हते, ते त्या दिवशी बोलले.

"तू काठी पुढें करायची. हात नाही. समजलें?"

"सरी, सार," मी तमिळमध्येच हो म्हणालो.

ऊन वर आलं तेव्हा माझ्या पायरीवरून एक म्हातारी घसरली. केस काढलेली सोवळी विधवा. शेवाळावरून पाय गेला आणि ती सरळ खोल पाण्यात. मी काठी पुढे केली. अगदी तिच्या तोंडासमोर धरली. तिने पकडली, पण ओला बांबू, म्हातारे हात. सुटली. पुन्हा पकडली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा तिचा हात वर आलाच नाही.

मी काठी टाकली आणि उडी मारली.

तिने माझं मनगट पकडलं. असं की हाड मोडेल. पायरीवर आणलं तरी सोडेना. पाणी ओकत होती आणि म्हणत होती, "विडादे अप्पा, विडादे." सोडू नको बाबा, सोडू नको. मी म्हटलं, नाही सोडत. आयुष्यात घरच्यांखेरीज कुणी मला इतका वेळ धरलं नव्हतं.

तिच्या सोबतच्या बायका आल्या. गर्दीतून रायर येताना दिसले. आता देतील, असं वाटलं. खरंच वाटलं. मी डावा हात चड्डीला पुसून कोरडा केला.

रायर जवळ आले. आधी म्हातारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काठी होती नव्हे तुझ्यापाशी?"

"होती. तिच्या हातून निसटली."

"मग दुसऱ्या कोणास हाक मारायची. आतां त्या बाईस परत स्नान करावें लागेल."

आणि खरंच, त्या बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून परत पाण्यात उतरवलं. ज्या पाण्यात ती आत्ताच मरत होती त्याच पाण्यात. ती लटलट कापत होती. तिने माझ्याकडे पाहिलं का, ते मला माहीत नाही. मी काठी शोधत होतो.

मला राग आला नाही. रडू आलं नाही. दाताला लवंगेचं तेल लावल्यावर कसं होतं, आपलं तोंड आपलं वाटत नाही, तसं झालं. संध्याकाळपर्यंत पायरीवर उभा राहिलो. घसरणाऱ्यांना काठी दिली.

मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते. घरी आप्पांना दाखवले. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला.

"घट्ट धरलें होतें की."

"आप्पा," मी विचारलं, "काठीचें तुम्हांस पहिल्या दिवशींच कळलें होतें?"

"होय."

"मग बोललां कां नाही?"

"तू हसत होतास," आप्पा म्हणाले.

त्या रात्री मी जेवलो, झोपलो, सकाळी शाळेत गेलो. शनिवारी मैदानावरही गेलो. पण आता मला काही नको होतं. काठी आली की धरायचो. परत द्यायचो. रायरांना वाटलं असेल, पोरगं सुधारलं.

उन्हाळ्यात स्काउटांचा गोरा कमिशनर तुकडी पाहायला आला. म्हातारीची गोष्ट तलावावरच्या कुणा पोलिसाने त्याच्या कानावर घातली होती. मैदानावर मांडव, खुर्च्यांवर गावातली बडी मंडळी. माझं नाव पुकारलं. गोऱ्याने माझ्या छातीवर बिल्ला लावला आणि डावा हात पुढे केला. मी दिला. लाल, मऊ, घामाने ओला हात. काही वाटलं नाही. त्याला माझी जात ठाऊक नव्हती. माझीच काय, मांडवातल्या कुणाचीच नव्हती. त्याच्या बंगल्यावर आम्ही सगळे मागच्याच दाराने जाणारे. मी वर्षभर वाट पाहिली तो हात हा नव्हता.

मग तो रायरांकडे वळला. हसून इंग्रजीत म्हणाला, स्काउटमास्तर, आता तुम्ही.

रायर पुढे आले. गोपूने खाली मान घातली. रायरांचा डावा हात सावकाश वर आला आणि माझ्यापुढे थांबला. गोरा तळवा, बोटावर दौतीची शाई, करंगळीत अंगठी. इतक्या जवळून मी तो कधी पाहिला नव्हता. वर्षभर ज्याच्यासाठी झुरलो तो हात, घ्यायचा तर एवढंच, की बोटं मिटायची.

रायर ओठ न हलवता आमच्या भाषेत म्हणाले, "घे लवकर. साहेब पाहतो."

एवढं ऐकलं आणि अंगातला बधिरपणा उतरला. सगळं एकदम दुखायला लागलं. पंगत, पाट, दगडावरचा पोंगल, आप्पांची थांबलेली रापी.

मी माझी काठी उचलली आणि तिचं टोक रायरांच्या तळहातावर ठेवलं.

"धरा," मी म्हणालो.

गोऱ्याने विचारलं, हे काय? मी शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, "आमच्या तुकडीत मला असंच घेतलं होतं, सर." त्याला काय समजलं कोण जाणे. छान रिवाज आहे, म्हणाला आणि टाळ्या वाजवू लागला. मग सगळ्या मांडवाने वाजवल्या. टाळ्या चालू होत्या तोवर रायरांना काठी धरून उभं राहावं लागलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी काठी एकदा वरखाली हलवली आणि माझं टोक सोडलं. गळ्यातला रुमाल काढून खुर्चीवर ठेवला. पट्टा काढला नाही. तो माझ्या बापाचा होता.

दुसऱ्या दिवशी गोपू आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"मामा म्हणतात, झालें तें झालें. ये म्हणून. हात देतील तुज."

"कोठें? मैदानावर?"

"नाही. घरामागें, गोठ्यापाशी. कोणास सांगूं नको म्हणाले."

मी हसलो. खूप दिवसांनी हसलो. आप्पा दारात बसून ऐकत होते.

"त्यांस सांग," मी म्हणालो, "दिवसाढवळ्या यावें. या गल्लींत, सगळ्यांदेखत. आधीं माझ्या बापास हात द्यावा. माझें मग पाहूं."

गोपू गेला. रायर आले नाहीत. पुढे आडी महिन्यातला कावेरीचा पूर ओसरला, तेव्हा नव्या पोरांसाठी पट्टे शिवून द्या, असा त्यांचा निरोप तेवढा आला. आप्पांनी रापी खाली ठेवली आणि निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "हात आल्यावर पट्टे."

त्यानंतर मी कुणापुढे आधी हात केलेला नाही, करणारही नाही. बुडणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याला मी काठी देत नाही.