रस्त्यावर राहिलेले गोटे

ग्रुपमधल्या धानवाल्यांनो, हे तुमच्यासाठीच लिहून राहिली.

उद्या माझ्या पोरीची लर्निंग लायसन्सची परीक्षा आहे. आज संध्याकाळी तिरोड्याच्या रस्त्यानं मी स्कुटी चालवत होती आणि ती मागं बसून मले नियम ऐकवत होती. "आई, वळणावर गाडी हळू करायची."

हळू केली म्हणून वाचलो. वळणाच्या पलीकडे डांबरावर गोट्यांची रांग होती. वाळवलेलं धान पोत्यात भरून झालं होतं, पण गाड्या धानावर येऊ नये म्हणून त्याच्या कडेनं लावलेले गोटे तसेच होते.

पोती बांधणाऱ्याला म्हटलं, "भाऊ, हे कोण उचलन?"

"उद्या इथंच धान टाकायचं आहे, बाई. कायले उचलू?"

पोरगी म्हणे, "आई, हा प्रश्न पुस्तकात नाही."

आम्ही दोघींनीच ते गोटे नालीत लोटले.

आता अंधार पडला. पोरीचा बाप ड्युटीवरून त्याच रस्त्यानं मोटारसायकलवर येऊन राहिला. त्याच्या लाईटचा उजेड हातभर पडते. फोन उचलत नाही. आम्ही एकच वळण साफ केलं, पुढं सगळ्यांचंच धान रस्त्यावर असते.

तिरोडा रस्त्यावरच्यांनो, तुमच्या समोरचे गोटे उचलले काय? नसतील तर मोबाईल ठेवा आणि आत्ता बाहेर जा.