सासूबाईंची सही

लिफाफ्याच्या गोंदाचा वास आला की मला जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमधलं आमचं स्वयंपाकघर आणि सासूबाईंची मतपत्रिका आठवते. अमेरिकेत तीस वर्षं नर्सची नोकरी करून, तिथल्या नागरिक होऊन त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि तिथल्या निवडणुकीत पोस्टानं मत देत. एका वर्षी तिकडून मेल आली, लिफाफ्यावरची सही नोंदीशी जुळत नाही, मुदतीत दुरुस्त करा, नाहीतर मत बाद. चूक माझी होती. त्यांची सही कायम मराठीत, मीच म्हटलं होतं, "अहो आई, इंग्रजीत करा, तिकडे कोणाला वाचता येणारे?" नवरा वैतागला. "सोड ना आई. तिकडे अब्जाधीश पैसा ओतून निवडणुका फिरवतात, तुझ्या एका मतानं काय होणार?" मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "त्या अब्जाधीशाला मतपत्रिका किती मिळतात रे? एकच ना? मग माझी मी का सोडू?" हात पुसून त्यांनी दुरुस्तीच्या अर्जावर ठसठशीत मराठीत सही ठोकली आणि मी तो स्कॅन करून पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं, मत मोजलं गेलं! सासूबाईंनी भर दुपारी शिरा केला, शेजारच्या जर्मन आजींनाही वाटीभर दिला. आज जर्मन नागरिक म्हणून माझं पहिलं मत पोस्टानं निघालंय. लिफाफा चिकटवण्याआधी आतल्या कागदावर सही केली, तेव्हा नवऱ्यानं वाकून पाहिलं. "मराठीत?" "गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं, "आईंसारखी."