चौदाच्या पुढचे आकडे

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, तीही सायन्सची. असल्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत. पण ही माझ्यावरच गुदरली...

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनला चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही बिदरजवळच्या जनवाड्याचे. मॅट्रिकची परीक्षा पंधरा दिवसांवर आणि माझ्या उजव्या तळहातात पू झालेला. आज चिरून संध्याकाळी घरी सोडतो, उशीर केला तर हात जाईल, असं दवाखान्यातले हैदराबादी डॉक्टर म्हणाले. मला धास्ती क्लोरोफॉर्मची. शेजारची एक बाई त्यातून उठलीच नव्हती.

कंपाउंडरने गळ्यातलं काढायला लावलं. आम्ही लिंगायत, आमच्यात गळ्यातलं इष्टलिंग अंगावेगळं करत नाहीत. अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा, चेहरा उतरला. तिने ते स्वतःच्या डाव्या तळहातावर घेतलं. "मी धरून बसते बग. भिऊ नगं." तिला आवाराबाहेर चिंचेखाली बसवलं. दार लागलं.

तोंडावर जाळी आली. गोडसर, घुसमटवणारा वास... डॉक्टर म्हणाले, "गिनते जाओ बेटी." मी मराठीत मोजू लागले. चौदा आठवतं. पुढे काही नाही.

जाग आली तेव्हा हाताला पट्टी होती आणि डॉक्टर घामाघूम. त्यांनी विचारलं, "ये बीस-बीस की गिनती कां से सीखी?" चौदानंतर मी जरा थांबले, मग विसापर्यंत मोजलं, आणि पुढे 'एक ईस एक, एक ईस दोन' असं चालूच — त्यांनी ते ऐकलं होतं. अजून जागी कशी, म्हणून औषधाचे आणखी थेंब टाकण्याआधी त्यांनी जाळी उचलली. तर ओठ निळे, श्वास बंद. छाती दाबून दाबून तो परत आणला.

मी शाळेत एकवीस, बावीस शिकलेले. विसाविसाने मोजायची ती अव्वा. शाळेचं तोंड न पाहिलेली, कडब्याच्या पेंढ्या ती अशाच मोजायची.

बाहेर आले तर तिची मूठ उघडता उघडेना. बैलगाडीत बसल्यावर हळूच म्हणाली, "चौदावर थांबलीस कामून? मग म्याच मोजलं पुढं."

परीक्षा त्याच हाताने दिली, हेही त्याच हाताने लिहितेय. पुढे पुस्तकं वाचली, जाणत्यांना विचारलं. गुंगीत भास होतात म्हणे. होत असतील — मला. पण बंद दाराआड, भिंतीपलीकडे बसलेल्या अव्वाला मी चौदावर थांबले हे कोणी सांगितलं?